सावधगिरीचे मोल

गेल्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. मी त्यास तर्कशास्त्र शिकविले त्या गोष्टीस वीस वर्षे होऊन गेली. पुढे त्याने हिशेबाचा मार्ग धरला आणि आज तो कोल्हापूरकडील एका फौंड्रीचा पैशाअडक्याचा सारा व्यवहार पाहतो. तेथे ओतलेले लोखंडी सुटे भाग परदेशी जातात आणि त्यांचे मोल डॉलरमध्ये येते. फराळाचे ताट पुढे येऊनही त्याचा हात तिकडे वळेना, तेव्हा मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, कर्तव्य म्हणून जे केले त्यातून तोटा झाला, तर करणाऱ्याने चूक केली असे म्हणावे का?"

प्रश्न नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्गात शोभण्याजोगा होता. पण तो विचारणाऱ्याचा चेहरा परीक्षार्थ्याचा नव्हता. हकीकत अशी की, सहा महिन्यांनी हाती येणारे डॉलर त्याने आधीच ठरलेल्या भावाने बँकेस विकून ठेविले होते. मध्यंतरी रुपया घसरला. डॉलर मोकळे ठेविले असते तर कारखान्यास पुष्कळ अधिक रुपये मिळते. मालकांनी भर बैठकीत त्यास सुनावले की, तुमच्या भित्रेपणामुळे आमचे लाखो रुपये बुडाले. आणि पुढे हुकूम केला की, यापुढे रुपया वधारेल असे वाटेल तेव्हाच असा करार करावा, घसरेल असे वाटेल तेव्हा करू नये. हा हुकूम पाळावा की राजीनामा द्यावा, हे त्यास कळत नव्हते. घरी दोन मुलांचे शिक्षण चालू, डोक्यावर घराचे कर्ज. त्या दिवशी मी त्यास जे उत्तर दिले ते अर्धवट होते. पुढे महिनाभर विचार करून जे सुचले ते येथे मांडीत आहे. कारण हा प्रश्न एका हिशेबनिसाचा नसून, भविष्याशी ज्याचा ज्याचा व्यवहार आहे त्या सर्वांचा आहे.

प्रथम ही करारपद्धती काय आहे ते पाहू. समजा, कारखान्यास सहा महिन्यांनी एक लाख डॉलर मिळावयाचे आहेत, आज डॉलरचा भाव ८० रुपये आहे आणि माल तयार करण्यास ७६ लाख रुपये खर्च आला आहे. सहा महिन्यांनी डॉलर ७५ वर आला तर हाती ७५ लाख येतील. ओतकाम निर्दोष, माल वेळेवर पोचला, गिऱ्हाईक प्रामाणिक. तरीही एक लाखाचा तोटा. हे टाळण्यासाठी कारखानदार आजच बँकेशी करार करतो की, सहा महिन्यांनी मी तुम्हांस एक लाख डॉलर ८१ रुपयांच्या भावाने देईन. यास 'फॉरवर्ड' म्हणतात. आपल्या बाजारातला जुना शब्द 'वायदा'. वायदा म्हणजे मुळात वचन, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूळ वस्तूच्या भावापासून ज्याचे मोल निघते अशा सर्व करारांस 'डेरिव्हेटिव्ह' असे नाव आहे. आपण त्यांस साधित करार म्हणू. आणि धंद्यातील जोखमीभोवती त्यांचे कुंपण घालणे, यास म्हणतात 'हेजिंग'.

येथे पुष्कळांचा असा समज असतो की, बँकेने ८१ हा भाव दिला त्या अर्थी तिने भविष्य वर्तविले. वस्तुतः तसे काही नाही. बँक आज डॉलर कर्जाऊ घेते, ते विकून रुपये करते, ते रुपये व्याजाने लाविते आणि सहा महिन्यांनी कारखान्याकडून आलेल्या डॉलरनी आपले कर्ज फेडते. रुपयाचे व्याज डॉलरच्या व्याजाहून सामान्यतः अधिक असल्यामुळे जो फरक उरतो, तोच पुढच्या भावात दिसतो. अर्थात बँक आपल्या गिऱ्हाइकाविरुद्ध पैज लावून बसलेलीच असते असे नाही. दुसऱ्या बाजूस एखादा आयातदार, ज्यास सहा महिन्यांनी डॉलर हवे आहेत, तो उलट भीतीने त्याच बँकेकडे आलेला असतो. एकास डॉलर उतरण्याचे भय, दुसऱ्यास चढण्याचे. दोन भये एकत्र आणिली की दोन्ही निमतात आणि कोणाचेही नुकसान होत नाही. व्यापारातील इतकी निर्मळ घटना क्वचितच पाहावयास मिळते.

ही गरज आधुनिक काळाने वाढविली हे खरे. ब्रेटन वुड्स येथे १९४४ साली जी व्यवस्था ठरली, तीत प्रमुख चलनांचे परस्पर भाव बहुतांशी स्थिर असत. अमेरिकेने १५ ऑगस्ट १९७१ रोजी डॉलर आणि सोने यांची गाठ सोडली, १९७३ पासून मोठी चलने मोकळी झाली, आणि शिकागोस १९७२ च्या मे महिन्यातच चलनांच्या वायद्याचा बाजार उघडला होता. आपला रुपया १९९३ साली बाजारभावावर आला. आणि चलनाचे वायदे आपल्या शेअर बाजारात ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाले. परंतु जोखीम विकण्याची कल्पना आपणांस नवी नाही. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाचा प्रकार होता. जहाजावर माल चढविणारा व्यापारी ती हुंडी विकून पैसे घेई. जहाज सुखरूप पोचले तरच हुंडीचे पैसे देय होत, बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडत. एकाच कागदात कर्जही होते आणि विमाही. त्या कागदामागे खरे जहाज होते आणि त्यात खरा माल होता, एवढे येथे पुरे.

कारण याच मुंबईत दुसरा एक प्रकारही नांदत होता. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूस काय भाव येईल यावर मुंबईचे व्यापारी करार करीत. देणेघेणे केवळ भावातील फरकाचे. अफूची पेटी या हातातून त्या हातात जावयाची नसे. असा एक तंटा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १८४८ साली त्याचा निकाल लागला. त्यानंतर पैजेच्या कराराविरुद्ध कायदे झाले. पुढे १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरविला. मुंबई इलाख्याने १८६५ सालीच एक पाऊल पुढे टाकून पैजेस पूरक असे करारही त्याच पंक्तीस बसविले होते. आमच्या कायद्याची गंमत अशी की, त्याच तिसाव्या कलमात पाचशे रुपयांहून कमी नसलेल्या घोड्यांच्या शर्यतीच्या बक्षिसासाठी वर्गणी देण्यास मुभा ठेविली आहे! असो. कापसावरील 'तेजी-मंदी', म्हणजे ठरल्या भावाने घेण्याचा वा विकण्याचा हक्क पैसे देऊन विकत घेणे, हाही प्रकार १९३९ साली मुंबईत कायद्याने बंद झाला. आज चलनाच्या बाबतीत तोच हक्क 'ऑप्शन' या नावाने बँका राजरोस विकतात.

तेव्हा शंका उभी राहते ती ही. काल ज्यास जुगार म्हटले त्यासच आज सावधगिरी म्हणावयाचे काय? मला वाटते, कागद पाहून हा निर्णय होणारच नाही. लाख डॉलरचा तोच करार, त्याच शब्दांत, त्याच दिवशी दोघे करू शकतात. एकास सहा महिन्यांनी लाख डॉलर खरोखर मिळावयाचे आहेत. दुसऱ्यास एकही मिळावयाचा नाही. पहिल्याच्या आयुष्यातील अनिश्चितता त्या सहीने कमी झाली. दुसऱ्याने, पूर्वी नव्हती ती अनिश्चितता विकत घेतली. दुसऱ्याचे कृत्य पापच आहे असे माझे म्हणणे नाही; भये नेहमीच समसमान जुळत नाहीत, आणि उरलेले भय काही मोबदल्यासाठी अंगावर घेणारा सटोडिया बाजारास हवाच असतो. परंतु त्याने आपले नाव ओळखून असावे. व्यवहारातला खरा घोटाळा सट्ट्याने होत नाही. सट्ट्याने सावधगिरीचे पागोटे घातले म्हणजे होतो.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच्यासारखाच प्रसंग एका फार मोठ्या मनुष्यावर ओढवला होता. जानेवारी १९८५ मध्ये जर्मनीच्या लुफ्तान्सा या विमान कंपनीने वीस बोइंग विमाने मागविली. किंमत ५० कोटी डॉलर, आणि ती वर्षभराने द्यावयाची. डॉलर तेव्हा सुमारे ३.२ मार्क होता आणि चढत चालला होता. कंपनीचे प्रमुख हाइन्झ रूनाउ यांचा अंदाज असा की तो उतरेल. तरी त्यांनी निम्मी रक्कम वायद्याने बांधून घेतली आणि निम्मी मोकळी ठेविली. वर्षभरात डॉलर २.३ मार्कांवर आला. मोकळ्या निम्म्यास ५७.५ कोटी मार्क लागले, बांधलेल्या निम्म्यास ८० कोटी. सर्व मोकळे ठेविले असते तर ११५ कोटींत भागते, लागले १३७.५ कोटी. साडेबावीस कोटी मार्क उधळले म्हणून त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. सर्वच रक्कम बांधली असती तर १६० कोटी लागते, आणि डॉलर चढता तर त्याच निर्णयास दूरदृष्टी हे नाव मिळते, याचा विचार टीकाकारांनी कितपत केला कोण जाणे.

रूनाउ यांच्यावर न्याय्य टीका करता येणार नाही असे नाही. विमान कंपनीचे काही उत्पन्नही डॉलरशी निगडित असते. डॉलर उतरला की विमाने स्वस्त पडतात, परंतु ते उत्पन्नही घटते. तेव्हा आपले खरे भय किती, हे प्रथम मोजले होते काय, असे विचारणे योग्य आहे. पण हा प्रश्न करार करण्याच्या दिवशीचा आहे. वर्षभरानंतरच्या भावावरून त्या दिवशीच्या शहाणपणाचे माप घेणे म्हणजे, पाऊस पडला नाही म्हणून छत्री नेणाऱ्यास मूर्ख म्हणणे होय. आपण घराचा अग्निविमा उतरवितो आणि वर्षअखेर घर जळले नाही म्हणून हप्ता बुडाला अशी हळहळ करीत नाही. मग वायद्याच्याच बाबतीत का करावी? माझ्या मते याचे कारण हिशेबाच्या वहीत आहे. हातचा गेलेला नफा आकड्याने मांडता येतो. जे संकट आलेच नाही त्यासाठी जमाखर्चात रकानाच नाही. वरच्या उदाहरणातील डॉलर ८६ झाला तर पाच लाख गेले असे सगळे म्हणतील. परंतु ७६ लाखांच्या मालावर ८१ लाख आलेच, आणि मधले सहा महिने कारखान्यास निश्चिंतपणे काम करता आले, हे कोणी लिहून ठेवीत नाही.

या वृत्तीचे फळ काय होते ते आपल्या देशाने पाहिले आहे. २००७ च्या आरंभी डॉलर सुमारे ४४ रुपये होता, वर्षअखेर तो ३९ च्या आसपास आला. निर्यातदारांचा नफा आटला. त्या काळात पुष्कळ कंपन्यांनी जे करार केले त्यांचा साचा साधारण असा होता की, आज तुम्हांस काहीच द्यावयाचे नाही, उलट काही रक्कम मिळेल किंवा बाजारापेक्षा चांगला भाव मिळेल. मात्र डॉलर आणि स्विस फ्रँक, किंवा डॉलर आणि येन, यांचा परस्पर भाव अमुक एका मर्यादेस शिवला तर तुम्हांस फार मोठी रक्कम तोट्याच्या भावाने घ्यावी लागेल. ती मर्यादा इतकी दूर दिसे की तेथवर भाव जाईल असे कोणास वाटेना. मार्च २००८ मध्ये डॉलर एका स्विस फ्रँकच्याही खाली गेला.

या करारांत नेमके काय घडले होते? विमा उतरविण्यास आलेला मनुष्य, हप्ता वाचावा म्हणून, नकळत स्वतःच विमा विकू लागला होता. फुकटच्या संरक्षणाची किंमत त्याने दुसऱ्या एका जोखमीच्या रूपाने दिली होती, आणि त्या जोखमीचा त्याच्या धंद्याशी संबंधही नव्हता. साखर किंवा कापड विकणाऱ्यास स्विस फ्रँकचे भय असण्याचे कारण काय? जोखमी हुंडीमागे जहाज होते. या कागदामागे काही नव्हते. शिवाय कालचक्र असे फिरले की, २००८ च्या अखेरीस डॉलर ५० रुपयांपर्यंत चढला आणि ज्यांनी साधे वायदे करून ठेविले होते तेही हळहळू लागले.

पुढे प्रकरणे न्यायालयात गेली. तमिळनाडूतील राजश्री शुगर्स ही कंपनी आणि ॲक्सिस बँक यांच्या वादात कंपनीचे एक म्हणणे असे होते की, हा करार म्हणजे पैज आहे, सबब निरर्थक आहे. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००८ मध्ये ते मानले नाही. कायद्याचा प्रश्न न्यायालयाने सोडविला. नीतीचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. जिंकलो असतो तर हा व्यवहार होता आणि हरलो म्हणून ही पैज ठरते, असे कोणास म्हणता येईल काय? 'वायदा' या शब्दातील वचनाचा अर्थ येथे पणास लागतो. भाव उलटल्यावरही जे पाळावयाचे त्यासच वचन म्हणतात.

तथापि सारा दोष सही करणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वैद्य आणि रोगी यांच्यात जे ज्ञानाचे अंतर असते तेच येथे बँक आणि गिऱ्हाईक यांच्यात होते. रिझर्व्ह बँकेने २०११ साली १९ बँकांना प्रत्येकी ५ ते १५ लाख रुपये दंड केला. त्यांच्यावरील आक्षेपांत मुख्य होते ते असे की, विकलेला करार गिऱ्हाइकास योग्य आहे की नाही हे नीट तपासले नाही, आणि त्या करारामागे खरा व्यवहार आहे की नाही हेही पाहिले नाही. समोरच्यास जे कळत नाही ते त्याच्या गळ्यात बांधून वर त्याची सही दाखविणे, यास व्यापार म्हणता येईल. सचोटी म्हणता येणार नाही. दंडाची रक्कम पाहता या दोन शब्दांतील अंतर फार महाग पडले नाही, असेच म्हणावे लागते.

आणि आणखी एक पक्ष आहे, ज्याची सही कोणत्याच कागदावर नसते. सभापर्वात द्रौपदीने भर सभेत विचारलेला प्रश्न आपणा सर्वांस ठाऊक आहे. युधिष्ठिराने स्वतःस आधी हरविले की मला आधी लाविले? पणास लावण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि त्या सभेतील ज्ञात्यांनाही तो उलगडता आला नाही. कारखानदार जेव्हा डॉलरच्या चढाओढीवर डाव लावतो, तेव्हा पटावर त्याचे एकट्याचे भांडवल नसते. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कामगारांचा पगार, माल उधार देणाऱ्या लहान व्यापाऱ्याची थकबाकी, ही सर्व त्या पटावर मांडलेली असतात; आणि त्यांस कोणी विचारलेले नसते.

येथे कोणी मला असे म्हणेल की, महिन्याच्या ठराविक तारखेस पगार घेणाऱ्या प्राध्यापकाने साहसाची निंदा करणे सोपे आहे. हा टोला मला लागतो, आणि त्यात तथ्य आहे. साहसावाचून व्यापार नाही. नवी भट्टी घालणे, अनोळखी देशात गिऱ्हाईक शोधणे, नव्या धातूचा प्रयोग करणे, ही सर्व साहसेच होत आणि त्यांत बुडालेला मनुष्यही माझ्या मते आदरास पात्र आहे. परंतु त्या साहसांत त्याचे कौशल्य उतरलेले असते. डॉलरच्या भावात ते कोठे असते? जोखमीचे कुंपण घालणे हा साहसाचा त्याग नव्हे. ज्या ठिकाणी आपला हात चालतो तेथे धैर्य खर्च करावे आणि जेथे चालत नाही तेथे ते राखावे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र या राखण्यास किंमत पडते, आणि ती किंमत म्हणजे अनपेक्षित लाभावर सोडलेले पाणी. नुकसान दुसऱ्याने घ्यावे आणि नफा माझ्यापाशी राहावा, अशी इच्छा धरणाऱ्यास सावध म्हणता येणार नाही. तो केवळ लोभी असतो. आणि २००७ साली अशांसाठीच ते करार तयार होते.

हे सर्व मी त्या विद्यार्थ्यास पत्राने कळविले. तू चूक केली नाहीस, असे निःसंदिग्धपणे लिहिले. आणि पुढे सुचविले की, राजीनाम्यापूर्वी मालकांपुढे एक कागद ठेव. येणाऱ्या डॉलरचा किती भाग बांधावयाचा हे वर्षारंभीच ठरवावे. रुपयाबद्दल कोणास काय वाटते यावर ते अवलंबून ठेवू नये. मालकांस अंदाजावर चालावयाचे असल्यास तो त्यांचा अधिकार आहे. परंतु तो हुकूम लेखी द्यावा, आणि त्यातील नफातोटा निर्यातीच्या हिशेबात न मिसळता 'सट्टा' या मथळ्याखाली वेगळा लिहावा.

परवा त्याचे उत्तर आले. कागद त्याने दिला आहे. पहिली सूचना वाचून मालक काही बोलले नाहीत; दुसरी वाचून मात्र रागावले, आणि वहीत तो शब्द लिहावयाचा नाही असे म्हणाले. कागद अद्याप त्यांच्या टेबलावर आहे, आणि माझा विद्यार्थी अद्याप नोकरीत आहे.